वाचक विचारतात : लाहौलसाठी प्रार्थना करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

मागच्या अंकात मी हिमाचलातल्या रोहतांग खिंडीपलीकडच्या लाहौल खोऱ्याचा ओझरता उल्लेख केला आणि टपाल सुरू झालं. बरीचशी पत्रं ठाणे, कळवा आणि खाडीपलीकडच्या नव्या मुंबईतलीच आहेत. त्यातली चार इथे घेते.

जय ख्रिस्त, ताई. आमचा महिला संघ लाहौलमधल्या एका सुवार्तिक (धर्मप्रचारक) जोडप्यासाठी दर बुधवारी प्रार्थना करतो. त्यांचं पत्र महिन्याला व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. ‘बर्फ पडला, लाइट नाही, दोन घरांत सभा झाली’ असं थोडक्यात असतं. पण ‘प्रभू, हिमालयातल्या लोकांना आशीर्वाद दे’ यापुढे आमची गाडी जात नाही. दोन मिनिटांत आमेन आणि मग चहा. काही सुचवाल का?
*– महिला संघाच्या सेक्रेटरी, ऐरोली*

जय ख्रिस्त. चहा चालू ठेवा, बायका त्यानेच जमतात. अडचण दोन मिनिटांची नाही, तुम्हाला तिथलं काही दिसत नाही ही आहे. पत्र वाचून झालं की बाजूला ठेवता ना? ते पुढ्यात ठेवा आणि एकेका वाक्यापाशी थांबा.

‘लाइट नाही’ म्हणजे काय? केलाँग, म्हणजे लाहौलचं मुख्य गाव, तीन हजार मीटरच्या वर आहे. जानेवारीत नळातलं पाणी गोठतं. घरात एकच खोली गरम, जिथे लोखंडी तंदूर पेटलेला असतो तीच. स्वयंपाक, अभ्यास, झोप, पाहुणे, सभा सगळं तिथेच. धुराची नळी नीट बसलेली नसेल किंवा कोळसा धुमसत ठेवून दारंखिडक्या गच्च लावून झोपलं, तर माणसं झोपेतच जातात. मी कुलू खोऱ्यातल्या एका मिशन दवाखान्यात परिचारिका होते तेव्हा असे रुग्ण पाहिलेत. म्हणून नोव्हेंबरात त्या जोडप्याच्या तंदुराच्या नळीसाठी प्रार्थना करा. हसू नका. आणि पत्र लिहून विचाराही, नळी साफ केली का म्हणून.

मग वर्षभराचा कागद करा. हिवाळ्यात हिमस्खलन. एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळतं, शेतं नांगरतात. जुलै-ऑगस्टमध्ये वाटाण्याची तोडणी. तेव्हा गावात भरदिवसा कोणी भेटत नाही आणि सुवार्तिकाच्या पत्रात ‘सभेला कोणी आलं नाही’ असं येतं. त्याने खचू नये. पावसाळ्यात तुर्भ्याच्या मार्केटात हिमाचलचा वाटाणा येतो, तो सोलताना त्या शेतांची आठवण ठेवा. याच महिन्यांत ढगफुटीची भीती असते. जुलै २०२१ मध्ये लाहौलमधल्या तोझिंग नाल्याला अचानक पूर आला आणि माणसं वाहून गेली. पुढे बटाट्याची काढणी, चारा-लाकूड साठवणं, आणि पुन्हा बर्फ.

आता त्या बाईचा विचार करा. तुम्ही ‘जोडपं’ लिहिलंत, पण पत्र नवऱ्याच्याच नावाने येत असणार. बहुतेक तसंच असतं. तिची मुलं कुठे शिकतात? खाली कुलूला ठेवली असतील, तर ती महिनोन्महिने त्यांना बघत नसेल. तिला आजूबाजूच्या बायकांची बोली कळते का? लाहौलमध्ये एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात गेलं की बोली बदलते. दुकानात हिंदी चालते, पण चुलीपाशी बसलेल्या आजीला हिंदी येईलच असं नाही. तिला वेगळं पत्र लिहा, आणि उत्तराची घाई करू नका.

आमच्या दवाखान्यात ठाण्याहून पत्रं यायची. बहुतेकांत एकच मजकूर, ‘आम्ही आपणास प्रार्थनेत स्मरतो.’ फक्त एक मामी विचारायच्या, रात्रपाळीला दिवे गेले तर कंदील आहेत का, रॉकेल मिळतं का, आणि मागच्या पत्रातल्या त्या बाळंतिणीचं काय झालं. त्यांना उत्तर लिहायला मी रात्री जागायचे. बाकीच्यांना पोस्टकार्ड.

तुमच्या संघाला आवडेल असं एक सांगते. ऑगस्ट १७२७ मध्ये जर्मनीतल्या हेर्नहूट नावाच्या खेड्यात मोरेव्हियन या प्रोटेस्टंट मंडळीच्या २४ पुरुषांनी आणि २४ स्त्रियांनी दिवसरात्रीचे तास वाटून घेतले आणि पाळीपाळीने प्रार्थना सुरू केली. ती साखळी शंभर वर्षांहून अधिक चालली. याच मंडळीचे दोन मिशनरी, हायडे आणि पागेल, मंगोलियाला जायचं म्हणून निघाले. वाट मिळेना, तेव्हा लाहौलमध्ये थांबले आणि १८५६ मध्ये केलाँगला त्यांनी घर बांधलं. तिथे पहिले बाप्तिस्मे व्हायला १८६५ उजाडलं, आणि ते लाहौली नव्हते, लडाखहून आलेले बापलेक होते. इतकी वर्षं प्रार्थना करणाऱ्यांना तिकडून ‘यंदाही कोणी नाही’ असंच कळत होतं. म्हणून तुमच्या जोडप्याला दर पत्रात ‘किती जण आले?’ असं विचारू नका. आकडा मागितला की बिचारा माणूस आकडा आणायच्या मागे लागतो.

आणखी एक, हे ठामपणे सांगते. त्यांच्या पत्रातली नावं आणि फोटो दुसऱ्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. ‘अमुक गावच्या अमक्या ताईने प्रभूला स्वीकारलं’ हे ऐरोलीत आनंदाचं असतं. तोच मेसेज फिरत फिरत तिच्या सासऱ्याच्या फोनवर गेला, तर पुढचं तिला भोगावं लागतं. देवाला नावं ठाऊक आहेत, ग्रुपला सांगायची गरज नाही.

ताई, आम्ही तरुण संघाचे बारा जण मे महिन्यात मनालीला जाणार आहोत. अटल बोगद्यामुळे लाहौल आता जवळ आलंय. जाताना हिंदी पत्रकं आणि गोळा केलेले जुने स्वेटर नेले तर सहलीबरोबर सेवाही होईल. जमलं तर पुढच्या वर्षी नेपाळ. तुमचं मत?
*– तरुण संघ, वाशी*

सहलीला जा. पत्रकं आणि स्वेटर घरी ठेवा.

बोगदा ९ किलोमीटरचा आहे, ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला. आधी रोहतांग बंद झाला की खोरं चार-सहा महिने अडकून पडायचं. गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरची वाट बघावी लागायची आणि हवा खराब असेल तर हेलिकॉप्टरही नाही. आता रुग्ण खाली येतो, हे मला फार मोठं वाटतं. पण त्याच रस्त्याने गाड्या भरभरून पर्यटकही जातात आणि प्लास्टिक टाकून येतात. तिथल्यांच्या लेखी तुम्ही आधी पर्यटक आहात.

हिमाचलात धर्मस्वातंत्र्याचा कायदा २००६ पासून आहे, २०१९ मध्ये तो नव्याने आणि जास्त कडक करून आणला. जबरदस्ती, फसवणूक किंवा प्रलोभन दाखवून धर्मांतर करणं गुन्हा आहे, आणि प्रलोभनात भेटवस्तू, पैसा, नोकरी, मोफत शिक्षण असं सगळं येतं. स्वतःच्या मर्जीने धर्म बदलणाऱ्यालाही महिनाभर आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आता बघा, एका हातात स्वेटर आणि दुसऱ्या हातात पत्रक. तुमच्या मनात काही नसेल, पण बघणाऱ्याने काय समजायचं? तुम्ही तिसऱ्या दिवशी मनालीच्या मॉल रोडवर मोमो खात असाल आणि चौकशीला पोलीस येतील ते तिथे राहणाऱ्या सुवार्तिकाच्या दारात.

नेपाळचं तर नावच काढू नका. तिथल्या २०१५ च्या संविधानाच्या २६ व्या कलमातच दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, आणि परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढतात. आपल्याला व्हिसा लागत नाही म्हणून आपण तिथे घरचे ठरत नाही.

काही करायचंच असेल तर जाण्याआधी तिथल्या मंडळीला विचारा, ‘आम्ही आलो तर तुम्हाला उपयोग आहे की त्रास?’ ‘नका येऊ’ म्हणाले तर राग धरू नका. ‘या’ म्हणाले तर रविवारच्या उपासनेला मागच्या बाकावर बसा, पुढे होऊन गिटार वाजवू नका. मग त्यांच्याबरोबर भांडी घासा. आणि तिथल्या उंचीवर पहिल्या दिवशी धावपळ नको, भरपूर पाणी प्या. डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली, तर प्रार्थना करत तिथेच बसू नका. प्रार्थना करत खाली उतरा.

नमस्कार. मी ख्रिस्ती नाही. शेजारणीकडे तुमचं मासिक येतं, ते वाचतो. एक रोखठोक प्रश्न. त्या डोंगरातल्या लोकांना त्यांचा धर्म आहे, देव आहेत. तुमची माणसं तिथे जातातच कशाला? उद्या कोणी माझ्या आईला म्हणालं की देव्हारा उचल, तर मला चालणार नाही.
*– एक वाचक, नौपाडा, ठाणे*

नमस्कार दादा. मलाही चालणार नाही. तुमच्या आईच्या देव्हाऱ्याबद्दल कोणी वावगं बोललं तर त्याला दार दाखवा. तो ख्रिस्ती असला तर मला कळवा, मीही दोन शब्द सुनावीन.

आता रोखठोक उत्तर. आम्हाला जी सुवार्ता वाटते ती सांगावी असं आमचा विश्वास आम्हाला सांगतो. हे मी ‘आम्ही फक्त समाजसेवा करतो’ असं म्हणून झाकणार नाही. घटनेचं २५ वं कलम धर्माचा प्रसार करू देतं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. मला ते अवघड वाटत नाही. मी सांगेन, ऐकायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तुम्ही ठाण्याचे, म्हणून एक ठाण्याचीच गोष्ट. १३२१ मध्ये फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचे चार साधू इथे उतरले. जायचं होतं चीनला, वाऱ्याने जहाज इकडे आणलं. इथल्या नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती घरात राहिले. काझीसमोर धर्मावरून वाद झाला, विषय पैगंबरांपर्यंत गेला आणि चौघे मारले गेले. आमच्यात त्यांना हुतात्मे म्हणतात आणि मी त्यांचा मान ठेवते. पण एकमेकांच्या श्रद्धेवर भर दरबारात वाद घालून कोणाचं मन वळलं, असं मी तरी कधी पाहिलेलं नाही.

लाहौलकडे बघा. केलाँगच्या मिशनऱ्यांच्या हातून ख्रिस्ती किती झाले? फारच थोडे, आणि ते मिशन केंद्र १९४० मध्ये बंदही झालं. पण मारिया हायडे १८५९ मध्ये लग्न होऊन तिथे आल्या आणि त्यांनी बायकांना विणकाम शिकवलं. ते रंगीत नक्षीचे लाहौली मोजे आज कुलू-मनालीच्या बाजारात मिळतात, विणणाऱ्या बौद्ध आणि हिंदू बायका. बटाटाही मिशनऱ्यांनीच आणला असं तिथे सांगतात. लेहला याच मिशनचे एक डॉक्टर होते, नाव कार्ल मार्क्स. ते ‘दास कॅपिटल’वाले नव्हेत, हे मार्क्स रुग्ण तपासता तपासता १८९१ मध्ये टायफसच्या तापाने गेले. लेहची मिशनची शाळा १८८९ ची. तिबेटी बायबलचं काम लडाखच्या योसेब गेर्गन यांनी वर्षानुवर्षं केलं. १९४८ मध्ये लाहोरला ते पूर्ण छापून निघालं तेव्हा गेर्गन हयात नव्हते आणि लाहोर दुसऱ्या देशात गेलं होतं.

सगळंच गोड होतं असं मी म्हणत नाही. त्या काळच्या मिशनऱ्यांच्या लिखाणात तिथल्या पूजा-अर्चेविषयी तुच्छतेचा सूर सापडतो, वाचताना मला लाज वाटते. आजही ‘अंधारात पडलेले लोक’ असली भाषा आमच्या सभांमध्ये ऐकू येते. ज्या बाईने बर्फातून तीन तास पाठुंगळी आणून सासूला दवाखान्यात दाखवलं, ती कसल्या अंधारात असते?

आमच्या वॉर्डात सकाळी प्रार्थना व्हायची. ज्यांना नको असेल त्यांनी बसायचं नाही, एवढा साधा नियम होता. एक म्हातारे लामा प्लुरसीने (फुप्फुसाच्या आवरणाच्या सुजेने) महिनाभर होते. आम्ही गीत म्हणायचो, ते पलीकडच्या खाटेवर माळ ओढायचे. डिस्चार्जच्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, तुमच्या गाण्याचा सूर चुकतो. खरंच चुकायचा. औषधाला अट घालायची नाही, हे मी तिथे शिकले. ज्या ठिकाणी अट घालतात तिथे तुमचा राग रास्त आहे.

ताई, मी बावीस वर्षांचा आहे. साधू सुंदरसिंगांचं चरित्र वाचल्यापासून सगळं सोडून एकट्याने हिमालयात जावंसं वाटतं. घरचे नाही म्हणतात. माझ्यासाठी प्रार्थना करा.
*– एक तरुण, घणसोली*

करते. आईसाठीही करते.

सुंदरसिंग १९०५ मध्ये सिमल्याला बाप्तिस्मा घेऊन भगवी वस्त्रं घालून निघाले हे खरं. पण ते पंजाबचे. त्या डोंगरात पुन्हा पुन्हा गेले, थंडी ओळखत होते. आणि १९२९ मध्ये तिबेटच्या वाटेला लागले ते परत आले नाहीत. काय झालं ते आजवर कोणाला कळलेलं नाही. चरित्रातलं हे शेवटचं प्रकरणही वाच.

बाळा, तुला काय येतं? तिथे नर्स लागतात, लॅब टेक्निशियन लागतात, गणित शिकवणारे मास्तर लागतात, सोलर पॅनेल दुरुस्त करणारा तर देवदूतच वाटतो. दोन वर्षं घालवून यातलं काही एक शिक. हिंदी सुधार. मग एखाद्या मिशन दवाखान्यात किंवा शाळेत रीतसर अर्ज कर आणि पहिला करार हिवाळ्याचा मागून घे, उन्हाळ्याचा नको. फेब्रुवारीपर्यंत टिकलास तर मला पत्र लिही, तुझ्या पाळकसाहेबांशी मी स्वतः बोलेन. जाताना सोबत लोकरीचे मोजे वगैरे काही घेऊ नकोस, ते तिथे चांगले मिळतात. चांगल्या प्रतीची टॉर्च मात्र घे.