क्लोनच्या कटात अडकून डोकं फिरत चाललेल्या डिटेक्टिव्हची स्टोरी लिहितोय, डीएनएवरून क्लोन पकडता येईल का?
नेहमीच्या डीएनए टेस्टने नाही, मूळ माणूस आणि क्लोन दोघांचा रिपोर्ट सेमच येणार. पण बोटांचे ठसे वेगळे, ते पोटात असतानाच घडतात, जुळ्यांचेही म्हणूनच जुळत नाहीत. शिवाय क्लोनचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए (पेशीच्या केंद्रकाबाहेरचा छोटासा वेगळा डीएनए) बहुतेक ज्या बाईचं बीजांड वापरलं तिचा असतो, लॅबला तो बघायचं सुचलं तर केस फुटली.

आणि हो, क्लोन बाळ म्हणूनच जन्मतो, १९९६ मधली डॉली मेंढी पण कोकरूच होती (तीही २७७ प्रयत्नांतून एकटी), म्हणजे चाळिशीतल्या माणसाचा रेडिमेड चाळिशीतला डुप्लिकेट नको दाखवू. मी असतो तर खुनाच्या जागी डिटेक्टिव्हचाच डीएनए निघतो पण ठसे दुसऱ्याचेच असं दाखवलं असतं, आधीच झोप उडालेल्या माणसाला वेडं व्हायला तेवढं बास.