झडीच्या दिवसांत नंदुरबारचा अंदाज पाहून तोरणमाळला जावे का?

केवळ त्या अंदाजावर विसंबून जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हवामान विभागाचा रंगीत इशारा संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो. तोरणमाळ हे याच जिल्ह्यातील सातपुड्यावरचे थंड हवेचे ठिकाण मात्र १,००० मीटरांहून उंच असल्याने सातपुड्याला अडून वर चढणारी दमट हवा थंड होते आणि खालच्या सपाटीवरचे शहादा कोरडे असतानाही घाटात धो धो पाऊस कोसळू शकतो. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे क्षेत्र मध्य प्रदेशावरून पश्चिमेकडे सरकत असेल, तर खान्देशात झड लांबण्याची शक्यता अधिक असते. म्हणून निघण्यापूर्वी पुढील तीन तासांचा तात्कालिक इशारा अवश्य पाहावा, आणि वरच्या गावात फोन करून विचारावे. ‘ऑरेंज’ इशारा असल्यास, म्हणजे साधारणतः २४ तासांत ११५.६ मिलिमीटरांहून अधिक पाऊस संभवत असल्यास, बेत पुढे ढकलावा.