वसाहतीचा इतिहास घराण्यांतून वाचताना

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश कैद्यांच्या वसाहतीतील आरंभीच्या वसाहतकऱ्यांवरील तुझ्या प्रबंधाचे पहिले प्रकरण लक्षपूर्वक वाचले. मेहनत पानोपानी दिसते. तरीही एक गोष्ट आताच सांगणे भाग आहे, कारण पुढची प्रकरणे याच पायावर उभी राहणार आहेत. तू एकेका पुरुषाची कारकीर्द घेतली आहेस: तो कोणत्या जहाजाने आला, त्याला किती जमीन मिळाली, तो कोणत्या हुद्द्यापर्यंत चढला. या मांडणीमुळे ती वसाहत काही धडपड्या, एकट्या माणसांनी उभी केली असा समज होतो. तू अभ्यासाचा घटक व्यक्ती न धरता कुटुंब धरावेस, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सरकारचा हिशेबही कुटुंबाचाच होता. १७८८ मध्ये अकरा जहाजांचा ताफा घेऊन आलेल्या गव्हर्नर आर्थर फिलिप यांना ज्या सूचना होत्या, त्यांनुसार शिक्षेतून मोकळ्या झालेल्या पुरुषाला ३० एकर जमीन द्यायची होती. तो विवाहित असेल तर आणखी २० एकर आणि प्रत्येक मुलामागे १० एकर. म्हणजे लग्न आणि मुले यांवर शेताचा आकार ठरत असे. केवळ हुन्नर पुरेसा नव्हता, हे जेम्स रूसच्या आयुष्यावरून कळते. सिडनीजवळच्या परामट्टा येथे स्वतःच्या शेतावर पोट भरून दाखवणारा हा पहिला कैदी. पण १७९३ मध्येच त्याने ते शेत एका शल्यवैद्याला विकले आणि उतारवयात दुसऱ्याच्या जमिनीवर देखरेखीची नोकरी केली. कॅम्पबेलटाउनच्या दफनभूमीतील त्याच्या शिळेवर, या वसाहतीत पहिले धान्य आपण पेरले, असे अशुद्ध अक्षरांत कोरलेले आहे. मान राहिला, जमीन राहिली नाही.

याउलट मेरी रायबी. तिच्यावर तू दोनच परिच्छेद लिहिले आहेस, तिथे एक पूर्ण प्रकरण हवे. लँकेशायरमधील ही मुलगी तेरा वर्षांची असताना मुलाच्या वेशात घोडा चोरल्याबद्दल दोषी ठरली आणि १७९२ मध्ये सिडनीला पोहोचली. दोन वर्षांनी तिने ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरील एका तरुण अधिकाऱ्याशी, थॉमस रायबीशी, लग्न केले. १८११ मध्ये थॉमस वारला आणि पाठोपाठ त्याचा भागीदारही गेला. सात मुले, जहाजे, गोदामे आणि उधारीची खाती तिच्या हाती आली. इथे इंग्रजी कायद्याकडे नीट पाहा. नवरा असेपर्यंत विवाहितेची मालमत्ता त्याची मानली जाई. करार करण्याचा आणि फिर्याद लावण्याचा स्वतंत्र अधिकार तिला वैधव्यानेच दिला. १८१७ मध्ये स्थापन झालेल्या बँक ऑफ न्यू साउथ वेल्सचे कामकाज तिच्याच मालकीच्या घरात सुरू झाले, आणि १८७६ मध्ये तिचा नातू टास्मानियाचा मुख्यमंत्री झाला.

मला तिच्याविषयी सर्वांत मोलाची वाटते ती १८२८ च्या जनगणनेतील नोंद. आपण १८२१ मध्ये स्वतंत्र नागरिक म्हणून आलो, असे तिने तिथे सांगितले आहे. इंग्लंडची भेट आटोपून ती त्या वर्षी परतली होती, त्यामुळे शब्दशः पाहिले तर त्यात खोटे काही नाही. कैदी म्हणून झालेले पहिले आगमन मात्र नोंदीतून गळले. तिला लबाड ठरवण्याची घाई करू नकोस. शिक्षा भोगून सुटलेल्यांना गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी आपल्या पंगतीला बसवत, म्हणून प्रतिष्ठित मंडळी किती संतापली होती ते आठव, म्हणजे मुला-नातवंडांच्या नावासाठी तिने काय जपले ते समजेल. (हे मॅक्वारी त्याआधी बरीच वर्षे हिंदुस्थानात सैन्यात होते, १७९३ मध्ये त्यांचे पहिले लग्न मुंबईत झाले. त्यांचा मुंबईचा काळ तुला इथे राहूनही धुंडाळता येईल.)

मेंढपाळीवरील भागात जॉन मॅकार्थर यांचे नाव पानभर येते. ते १८०१ ते १८०५ आणि पुन्हा १८०९ ते १८१७ वसाहतीबाहेर होते. त्या वर्षांत मेरिनो मेंढ्यांचे कळप आणि शेतीचा कारभार त्यांच्या पत्नी एलिझाबेथ मॅकार्थर यांनी सांभाळला. त्या प्रकरणाची मांडणी तारखा समोर ठेवून पुन्हा कर.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सरकारने वाटलेली प्रत्येक एकर आधी कोणाची तरी होती, आणि तुझ्या प्रकरणात ती माणसे फक्त 'संघर्ष' या मथळ्याखाली येतात. तीसुद्धा घराणीच होती. दरुग या तिथल्या मूळनिवासी समाजातील यारामुंडी यांची मुलगी मरिया परामट्ट्याच्या सरकारी शाळेत शिकली. १८२४ मध्ये तिने रॉबर्ट लॉक या कैदी सुताराशी लग्न केले, आणि सरकारने त्या कैद्याला तिच्याच ताब्यात दिले. १८३१ मध्ये तिने गव्हर्नर डार्लिंग यांच्याकडे अर्ज करून ब्लॅकटाउन येथील आपल्या दिवंगत भावाची जमीन मागितली. बहिणीच्या नात्याने आणि सरकारच्याच भाषेत केलेली ती मागणी आहे. जी जमीन तिच्या पूर्वजांची होती, तिच्यातला एक तुकडा मिळवण्यासाठी तिला सनदेचा आधार घ्यावा लागला. पुढचे प्रकरण लिहायला घेशील तेव्हा या अर्जापासून आरंभ कर, आणि रूस, रायबी, मॅकार्थर यांच्या सनदा त्यानंतर वाच. मसुदा तयार झाला की पाठव. सवडीने नव्हे, लगेच वाचीन.

तुझे शुभचिंतक