मिथिल, मेथी आणि देणगीदार

एका वाचक ताईंचा प्रश्न : "मुलीच्या क्लासच्या टिपणात 'तंतुकणिकांमधील मिथिल देणगीदार रेणू' असं छापलंय. इथे 'देणगीदार' बरोबर की 'दाता'? आणि मिथिल हा शब्द मेथीवरून आलाय का?"

मिथिल म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा छोटा गट, आणि तंतुकणिका म्हणजे पेशीतलं ऊर्जाघर, मायटोकॉन्ड्रिया. मेथी आधी निकालात काढू, कारण हे मी सारखं ऐकतो. परवा मंडईत जुडी निवडत होतो, तर शेजारचे गृहस्थ बायकोला ठासून सांगत होते, "मेथीत मिथिल असतं, म्हणून तर तिचं नाव मेथी." जुडी हातातून पडायचीच बाकी होती. मेथी संस्कृत 'मेथिके'ची लेक. मिथिलचा तिच्याशी काडीचा संबंध नाही, सीतेच्या मिथिलेशीही नाही.

काडीशी मात्र आहे, अगदी शब्दशः! १८३४ साली ड्यूमा आणि पेलिगो हे दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाकूड बंद भांड्यात तापवून निघणारं स्पिरिट तपासत होते. त्यांनी ग्रीक 'मेथ्यू' म्हणजे मद्य आणि 'ह्यूले' म्हणजे लाकूड हे शब्द जोडून 'मेथिलीन' नाव पाडलं, त्यातून पुढे मिथिल आला. लाकडाची दारू. प्याल तर डोळे जातील, जीवही जाईल, हा भाग वेगळा. ग्रीक जाणणारे या नावाला नाकं मुरडतात. 'ह्यूले' म्हणजे रान किंवा सरपण, लाकूड या पदार्थाला 'क्सुलॉन' हवं होतं म्हणे. मुरडू देत.

कारण खरी गंमत 'मेथ्यू'त आहे. हा मेथ्यू म्हणजे आपला मधु! ग्रीकातल्या 'थ'समोर संस्कृतात 'ध' येतो, हा ठरलेला नियम : तिकडे थ्यूमॉस, इकडे धूम. तिकडे मेथ्यू, इकडे मधु. इंग्रजांचं 'मीड', रशियनांचं 'म्योद', सगळी एकाच पोळ्यातली. ॲमेथिस्ट या जांभळ्या खड्याचा अर्थही 'न झिंगवणारा'.

आमच्या कट्ट्यावरचे एक निवृत्त प्राध्यापक यावर दरवेळी "मग मद्यही त्यातलंच" अशी पुस्ती जोडतात. नाही हो! मद्य 'मद्' धातूचं, त्याचं घराणं निराळं. कानाला जवळ वाटलं म्हणून नातं लावायचं, तर मंडईतल्या त्या गृहस्थांनी काय घोडं मारलंय?

उलट जवळचं उदाहरण त्यांना दिसत नाही. आपला मोह. संस्कृत मधूक, प्राकृत महुअ, मराठी मोह. मधु ज्याच्या नावातच आहे असं झाड, आणि फुलांपासून गाळलेली दारू. झाड आणि मधु यांची सांगड पॅरिसच्या दोघांनी १८३४त घातली, आपल्या रानातल्या माणसांनी त्याच्या किती आधी! म्हणून माझी जुनी सूचना : मिथिलला मराठीत 'मधुल' म्हणा. मांसल, वत्सल, तसं मधुल. कोणी ऐकत नाही. 'मिथाइल' म्हणायला सगळे तयार.

हां, दाता. टिपणातल्या शब्दाचं इंग्रजी 'मिथिल डोनर', आणि 'डोनर'च्या मुळाशी लॅटिन 'दोनुम्', म्हणजे सख्खं आपलं दान. मिथिल डोनरचे दोन्ही तुकडे घरचे असताना 'देणगीदार' कशाला? देणगीला फारसी 'दार' लागलं की डोळ्यांपुढे गणपती मंडळाचं पावतीपुस्तक येतं. रक्तदात्याला कोणी रक्तदेणगीदार म्हणतं का?

तरी रेणूचं वागणं बघा. पेशीतला मुख्य मिथिलदाता एस-ॲडिनोसिल मिथिओनीन, लाडाने 'सॅम'. तो तंतुकणिकेत तयार होत नाही, बाहेरच्या पेशीद्रवात होतो. आतल्या पटलातलं एक वाहक प्रथिन त्याला आत घेतं. आत तो तंतुकणिकेच्या स्वतःच्या आरएनएला मिथिल देतो. कोएन्झाइम क्यू घडताना तर त्याच्याकडून तीन मिथिल जातात, आणि त्या क्यूवाचून ऊर्जा बनवणाऱ्या साखळीत इलेक्ट्रॉन पुढे सरकत नाहीत. बीटाच्या नावाचा बीटेन याच्या उलटा : कोलीनपासून तंतुकणिकेत बनतो आणि मिथिल बाहेर पेशीद्रवात जाऊन देतो.

तर मिथिल देऊन झाल्यावर सॅमचं जे उरतं, ते तिथेच रेंगाळलं तर मिथिल जोडणाऱ्या विकरांनाच (एन्झाइमांनाच) अडवतं, पुढचं दान खोळंबतं. म्हणून तोच वाहक त्याला बाहेर काढतो आणि बदल्यात नवा सॅम आत घेतो. पावती फाडून झाली तरी सत्कारासाठी स्टेजवर बसून राहिलेला आणि कार्यकर्त्यांनी हाताला धरून खाली उतरवलेला देणगीदार पाहिलाय ना? टिपण लिहिणाऱ्याच्या मनात हे असेल तर माझी तक्रार मागे. मुलीला परीक्षेत मात्र 'दाता'च लिहायला सांगा.