गरजू बाळंतिणींना डब्याचं दूध वाटलं, तर त्या अंगावर पाजणं सोडतात का?

तुमचा गट गरीब वस्तीतल्या नव्या बाळंतिणींना दूध पावडरचे डबे वाटणार आहे आणि त्यामुळे स्तनपान कमी होईल का, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं प्रसूती कक्षात परिचारिका आहे. सरसकट वाटलेत तर नक्की कमी होईल. कृपा करून तसं वाटू नका.

सगळं बिघडतं ते पहिल्या तीन-चार दिवसांत. सुरुवातीला चिकाचं पिवळं, घट्ट दूध येतं, तेही एका वेळी चमचा-दीड चमचा. पहिल्या दिवशी बाळाला तेवढंच लागतं. पण बाळ रडतं, छाती मऊच असते आणि कुणीतरी म्हणतं, "हिला दूधच नाही." डबा उशाशी असला की त्याच रात्री उघडतो. पावडरीनं पोट भरलं की बाळ झोपून राहतं, ओढत नाही. आणि जेवढं ओढलं जाईल तेवढंच दूध तयार होतं, विशेषतः रात्री. मग ते खरोखरच कमी होतं, आणि तोवर फुकटचा डबा संपलेला असतो.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय. तीन महिन्यांच्या बाळाचं वजन वाढेना म्हणून एक आई आली. मी म्हटलं, "ताई, रोज करता तशी बाटली करून दाखवा." त्या पाण्याला सहा चमचे पावडर लागते. तिनं तीनच घातले, तेही बोटानं सपाट करून, उरलेली पावडर डब्यात परत सारून. दूध इतकं पातळ की बाटलीपलीकडची तिची बोटं दिसत होती. "डबा महिनाभर पुरवायचाय," म्हणाली. तिला कसा दोष देणार? अंगावरचं दूध तोवर आटलं होतं.

पाण्याचा प्रश्न वेगळाच. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून ती किमान 70 अंश सेल्सिअसच्या पाण्यात कालवायला सांगतात. प्रत्येक वेळी तेवढं इंधन कुठून येणार? 2006 मध्ये इंडोनेशियातल्या योग्याकार्ता इथं झालेल्या भूकंपानंतर मदत म्हणून पावडर वाटली गेली. ती मिळालेल्या बाळांमध्ये जुलाबाचं प्रमाण न मिळालेल्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. मदत करणाऱ्यांचा हेतू तुमच्यासारखाच चांगला होता. आईला फुकट नमुने देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य सभेनं डब्याच्या दुधाच्या विक्री-जाहिरातीसाठी 1981 मध्ये केलेल्या संहितेतही आहे.

पण नुसता डबा काढून घेतला म्हणजे दूध येत नाही, हेही तितकंच खरं. बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच मजुरीवर जावं लागणारी बाई दिवसातून आठ-बारा वेळा पाजणार कशी? तिला हातानं दूध काढून झाकून ठेवायला शिकवा. थंड जागी ते चार तास सहज टिकतं, घरचं कुणीही वाटी-चमच्यानं पाजू शकतं.

आणि ज्या बाळाची आई गेली, फार आजारी आहे किंवा तिला पाजता येणार नाही अशी औषधं चालू आहेत, त्याला पावडर द्या, अजिबात संकोच न करता. फक्त एक डबा देऊन थांबू नका. वर्षभर पुरेल इतकी सोय करा, इंधनासकट, आणि पहिली वाटी तिथंच बसून कालवून दाखवा.

बाकीच्यांसाठी डब्यांच्या पैशात एखादी अनुभवी बाई शोधा, पहिल्या तीन रात्री बाळंतिणीजवळ बसून बाळाच्या तोंडात स्तनाग्राभोवतीचा काळा भाग नीट गेलाय का ते पाहणारी.