कापलेली पट्टी, न फुटणारी फॉइल आणि निळे पाणी

(मागील अंकातील औषधांच्या वेष्टनावरील लेखानंतर आलेल्या पत्रांतून निवडलेले चार प्रश्न. औषध कारखान्याच्या पॅकिंग विभागात अनेक वर्षे काम केलेल्या आमच्या स्तंभलेखकाची उत्तरे.)

प्रश्न : आमच्या गावातील औषध दुकानदार दहाच्या पट्टीतून चार गोळ्या कात्रीने कापून देतो. घरी आल्यावर त्या तुकड्यावर ना नाव सापडते, ना मुदत. प्रत्येक गोळीमागे ही माहिती छापणे एवढे अवघड आहे का?
– निवृत्त शिक्षिका, तासगाव

उत्तर : नाव छापणे मुळीच अवघड नाही, मुदतीचे मात्र तसे नाही. औषधाचे नाव, घटक, उत्पादकाचा पत्ता हा मजकूर फॉइलवर छापखान्यातूनच छापून येतो. बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदतीची तारीख आणि किंमत ही त्या त्या बॅचप्रमाणे बदलत असल्यामुळे पॅकिंगच्या वेळी यंत्रावरच उमटवली जाते. त्यासाठी पोलादी अक्षरांचा ठसा पट्टीच्या एका टोकाला बसवण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे, आणि कात्री नेमकी तिथेच घात करते.

नावाच्या बाबतीत दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे तोच मजकूर फॉइलभर तिरका, पुन्हा पुन्हा छापणे. पट्टी कुठूनही कापली तरी नाव उरते आणि खर्चही वाढत नाही. दुसरा म्हणजे गोळी बसते त्या प्रत्येक खळग्यामागे बरोबर मधोमध मजकूर बसवणे. हे दिसायला सुबक, पण सीलिंगच्या, म्हणजे फॉइल पट्टीला चिकटवतानाच्या, उष्णतेने आणि ताणाने फॉइल किंचित सरकते. दर पट्टीमागे दशांश मिलिमीटर जरी सरकली, तरी पन्नासाव्या पट्टीपर्यंत छपाई पाच मिलिमीटर हललेली असते. म्हणून फॉइलच्या कडेला छापलेली खूण संवेदकाने वाचून तिचा ताण सतत सावरावा लागतो. मुदतही प्रत्येक खळग्यामागे हवी असेल, तर यंत्रावरच छापणारा प्रिंटर जोडावा लागतो आणि त्याची छपाई कॅमेऱ्याने तपासावी लागते. परदेशांतील रुग्णालयांसाठी एकेक गोळी सुटी करता येईल अशा पट्ट्या याच रीतीने तयार होतात. एवढा खर्च सर्वांना परवडणार नाही हे मान्य. परंतु मुदतीचा ठसा पट्टीच्या दोन्ही टोकांना उमटवायला काय हरकत आहे, याचे समाधानकारक उत्तर मला माझ्या नोकरीतही कोणी दिले नाही.

१ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाला असून त्यात बॅच व मुदतीचा समावेश असतो. मात्र पट्टीवर जागा नसेल तर तो बाहेरच्या खोक्यावर छापण्याची मुभा आहे, त्यामुळे सुट्या चार गोळ्या नेणाऱ्याच्या तो हाती लागेलच असे नाही. तोवर पक्के बिल मागून घ्या. त्यावर बॅच आणि मुदत बहुधा असते. ते बिल त्या तुकड्याला रबराने गुंडाळून ठेवा.

प्रश्न : माझ्या आईच्या बोटांना संधिवात आहे. एक गोळी जराशा दाबाने बाहेर येते, तर दोन्ही बाजूंनी चंदेरी असलेल्या पट्टीतली काही केल्या निघत नाही. शिवाय गोळी मुगाएवढी आणि पट्टी तळहाताएवढी. हा कंपन्यांचा दिखाऊपणा नव्हे काय?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पट्टीचा आकार हा दिखाऊपणा नसून अ‍ॅल्युमिनियमचा स्वभाव आहे. पारदर्शक पट्टीतील पीव्हीसी या प्लास्टिकचा पाव मिलिमीटर जाडीचा पत्रा १२० ते १४० अंशांना तापवला की मऊ होतो आणि साच्यात गोळीला लगटून बसेल असा खळगा घेतो. दोन्ही बाजूंनी चंदेरी अशा ज्या पट्टीला आपण अ‍ॅलू-अ‍ॅलू म्हणतो, तिच्यात नायलॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि पीव्हीसी असे तीन थर (सर्वसाधारणपणे २५, ४५ आणि ६० मायक्रॉनचे; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चिकटवलेले असतात आणि खळगा न तापवता, केवळ दट्ट्याने दाबून काढला जातो. अ‍ॅल्युमिनियम फार ताणले तर फाटते. म्हणून खळग्याच्या भिंती परातीच्या काठासारख्या उतरत्या ठेवाव्या लागतात आणि मुगाएवढ्या गोळीलाही प्रशस्त अंगण द्यावे लागते. त्या बदल्यात बाष्प, उजेड आणि हवा जवळजवळ पूर्णपणे अडतात. साध्या पीव्हीसीतून बाष्प हळूहळू आत जातच राहते, आणि आषाढातील रत्नागिरीत ते किती हे मी आपल्याला सांगायला नको.

या दोन टोकांच्या मधले पर्यायही आहेत: पीव्हीसीवर बाष्प अडवणाऱ्या पीव्हीडीसी या प्लास्टिकचा लेप द्यायचा किंवा त्यावर पीसीटीएफई या तशाच दुसऱ्या प्लास्टिकची पातळ फिल्म चिकटवायची. औषध ४० अंश तापमान व ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून कोणते वेष्टन पुरते हे पाहता येते. माझी तक्रार अशी, की लेपाच्या पट्टीने काम भागत असतानाही ‘उगाच जोखीम नको’ म्हणून सरसकट अ‍ॅलू-अ‍ॅलू निवडले जाते. त्याने पट्टी मोठी होते, धातू अधिक लागतो आणि आपल्या आईंसारख्यांच्या बोटांवर भार पडतो.

पट्टी उघडण्याचे गणित पाठीमागच्या फॉइलवर ठरते. २० ते २५ मायक्रॉनची कडक फॉइल अंगठ्याच्या दाबाने तडकते. नरम फॉइल मात्र फाटण्याऐवजी ताणत जाते आणि शेवटी गोळीच चुरते. काही पट्ट्या मुद्दामच अवघड केलेल्या असतात. अमेरिकेत १९७०च्या कायद्यानुसार अनेक औषधांची वेष्टने लहान मुलांना सहज उघडता न येणारी असावी लागतात आणि तीच वेष्टने ५० ते ७० वर्षे वयाच्या माणसांना उघडता येतात की नाही, हेही तपासले जाते. या दुसऱ्या अर्ध्या कसोटीकडे आपल्याकडील पट्टी आखणाऱ्यांनी बघावे असे मला फार वाटते.

तूर्त आईंना एक युक्ती सांगा: खळग्याच्या मधोमध न दाबता गोळीच्या एका कडेवर दाबावे, आणि त्याआधी मागच्या फॉइलवर त्या कडेला नखाने किंवा चमच्याच्या टोकाने एक ओरखडा काढावा. अ‍ॅलू-अ‍ॅलूतील गोळ्या आठवडाभराच्या आधीच काढून डबीत भरून ठेवू नयेत.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या लाइनवर लीक टेस्टमध्ये एखाद-दुसऱ्या खळग्यात निळे पाणी सापडते. दर वेळी सीलिंगचे तापमान वाढवण्याचा हुकूम येतो. हे बरोबर आहे का?
– पॅकिंग ऑपरेटर, वेर्णा (गोवा)

उत्तर : निदान पहिला उपाय म्हणून तरी नाही. इतर वाचकांसाठी सांगतो: पट्ट्या मिथिलिन ब्लूच्या द्रावणात बुडवून भांड्यातील हवा काही काळ खेचून घेतात; मग हवा आत सोडली की जिथे भोक असेल त्या खळग्यात निळे पाणी शिरते.

ते पाणी कोणत्या खळग्यात आहे, हे आधी पाहावे. दर वेळी तोच खळगा गळत असेल तर दोष साच्यात किंवा सीलिंगच्या पाट्यात आहे, आणि जागा बदलत असेल तर भुकटी, सुरकुत्या किंवा फॉइलमधील सूक्ष्म छिद्रे यांच्याकडे वळावे. एका कारखान्यात आम्ही दोन दिवस तापमानाशी झुंजत होतो. अखेर एका म्हाताऱ्या फिटरने निळ्या पट्ट्या टेबलावर ओळीने मांडल्या. सगळ्यांत दुसऱ्या रांगेतील तिसराच खळगा निळा. सीलिंगच्या पाट्यावरील जाळीदार नक्षीत गोळीची कपची जळून चिकटली होती. पितळी ब्रशने ती काढायला पाच मिनिटेही लागली नाहीत.

सील घडते ते तापमान, दाब आणि वेळ या तिघांच्या मेळाने. यंत्राचा वेग वाढवला की वेळ आपोआप घटतो, याचा विसर पडतो. दाब सारखा आहे का, हे पाहण्यासाठी पाट्यांमध्ये कोरा कागद आणि कार्बन पेपर ठेवून ठसा घ्यावा. जिथे नक्षी फिकी, तिथे दाब कमी. नुसते तापमान चढवत गेल्यास पीव्हीसी आकसते, पट्टी धनुष्यासारखी वाकते आणि पुढे खोकी भरण्याच्या यंत्रात अडकते.

आता पावसाळ्याविषयी. खोलीत २४ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर सुमारे १६ अंशांखालील पृष्ठभागावर दव धरते. तुमच्या साच्याला थंड करणारे चिलरचे (पाणी गार करणाऱ्या यंत्राचे) पाणी १२ अंशांवर असेल, तर साच्यावर थेंब साचणारच. त्यात गोळ्यांची भुकटी भिजून सीलच्या जागी चिकटते. चिलरचा आकडा, खोलीचा आर्द्रतामापक आणि फीडरखालील (खळग्यांत गोळ्या सोडणाऱ्या भागाखालील) भुकटी ओढणारा व्हॅक्यूम या तिन्ही गोष्टी तपासा, मगच तापमानाच्या बटणाला हात लावा.

प्रश्न : सर्वच औषधांच्या पट्ट्यांवर वार किंवा दिवस का छापत नाहीत? माझे वडील रोज विचारतात, ‘आजची घेतली का रे?’
– महाविद्यालयीन विद्यार्थी, वर्धा

उत्तर : आपल्याच जिल्ह्यात याच्या जवळचे उदाहरण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१मध्ये कुष्ठरोगासाठी बहुऔषध उपचाराची शिफारस केली आणि तो देशात सुरुवातीला ज्या जिल्ह्यांत राबवला गेला त्यांत वर्धा होता. या उपचाराच्या पट्टीत २८ दिवसांच्या मात्रा एकत्र असतात. ज्यांना बहुजिवाणू प्रकारचा कुष्ठरोग आहे अशा प्रौढांना पहिल्या दिवशी देखरेखीखाली तीन औषधे आणि नंतर रोज दोन, हा क्रम त्या पट्टीच्या आखणीतच बसवलेला आहे. ‘माला-एन’ या सरकारी गर्भनिरोधक गोळ्यांच्या पट्टीतही २१ गोळ्यांनंतर लोहाच्या ७ गोळ्या असतात, त्या रोज गोळी घेण्याचा हात थांबू नये म्हणूनच.

अशी पट्टी ठरीव क्रमाच्या उपचारालाच शोभते. रक्तदाबाची गोळी एकाला सकाळी एक, तर दुसऱ्याला दोनदा अर्धी असते, शिवाय प्रत्येकाचा पहिला दिवस वेगळा. वडिलांच्या पट्टीवर आपणच तारखा घाला. मात्र बॉलपेनने नको, त्याच्या टोकाने २० मायक्रॉनची फॉइल सहज भोसकली जाते. बारीक मार्कर वापरा.