नवा कॉम्प्युटर घेतलास, आता एवढं कर

आधी लिबरऑफिस टाक भो. फुकट आहे, कायदेशीर आहे आणि अर्ज-हिशोबाला भरपूर झालं. आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही, म्हणून त्याच्या सेटिंगमध्ये ऑटोरिकव्हरीची (काम आपोआप जपून ठेवायची) वेळ १० मिनिटांवरून २ वर आण. अर्धं पत्र टाईप झालं आणि लाइट गेली, तरी बहुतेक मजकूर परत मिळतो. मराठी युनिकोडमध्येच टाईप कर, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखी दिसणारी अक्षरं. जुन्या फॉन्टची फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की नुसता कचरा दिसतो.

सिनेमा-गाण्यांना व्हीएलसी. लग्नाच्या शूटिंगचा आवाज बारीक असेल तर तो १२५ टक्क्यांपर्यंत वाढवता येतो. (मंडपातल्या डीजेचा आवाज कमी करायची सोय मात्र अजून कोणी काढलेली नाही.)

पण खरी मजा स्टेलेरियममध्ये, हा आकाश दाखवणारा प्रोग्राम. एफ६ दाबून ठिकाण जळगाव किंवा धुळे निवड, मग आपल्या गच्चीवरचं आकाश पडद्यावर. एल दाबत राहिलास की वेळ पळायला लागते, चंद्र-तारे भराभर सरकतात. पोरं हलत नाहीत तिथून. तारीख २ ऑगस्ट २०२७ कर आणि दुपारनंतरचा सूर्य बघ, खंडग्रास ग्रहण दिसेल. त्या दिवशी पावसाळी ढगांनी दगा दिला तरी घरात बघता येईल. तोरणमाळच्या डोंगरावर आकाश बघायला जाणार असशील तर लॅपटॉपवर आधीच टाकून ने, एकदा टाकलं की इंटरनेट लागत नाही.

हे सगळं ज्याच्या त्याच्या मूळ साइटवरूनच घे. शोधताना मोठ्ठं हिरवं ‘डाउनलोड’ बटण दिसलं की आधी पत्ता वाच, बऱ्याचदा ती जाहिरात असते.